स्वेच्छेची सक्ती

व्यक्तीचा खासगीपणा हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने दिला. या हक्काच्या रक्षणासाठी म्हणून करण्यात आलेला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट 2023 मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम प्रसिद्ध होण्यास नोव्हेंबर 2025 उजाडला. त्यांतीलही मुख्य बंधने आणखी अठरा महिन्यांच्या मुदतीनंतर लागू व्हावयाची, अशी तरतूद करण्यात आली. आपल्याकडे कायद्यांना लागणारा वेळ पाहता हा विलंब एक वेळ क्षम्य मानता येईल. क्षम्य नाही ती या कायद्याची दिशा. नागरिकाची माहिती कशी गोळा करावी, किती काळ जपावी, कोणाला द्यावी याची बंधने बँक, दुकानदार, रुग्णालय, मोटारीची कंपनी या सर्वांवर घालणारा हा कायदा सतराव्या कलमात मात्र केंद्र सरकारला असा अधिकार देतो की, देशाचे सार्वभौमत्व, सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी कारणांसाठी सरकारने आपल्या कोणत्याही यंत्रणेचे नाव अधिसूचित करावे आणि ती यंत्रणा या कायद्याच्या कक्षेतून बाहेर पडावी. मूलभूत हक्क हा मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध मागावयाचा असतो, हे नागरिकशास्त्राच्या शालेय पुस्तकातले वाक्य आहे. ज्याच्याविरुद्ध हक्क मागावयाचा त्यालाच दार उघडून देणारे हे संरक्षण आहे.

हे असे का झाले याचा शोध घेऊ लागले म्हणजे एका शब्दापाशी येऊन थांबावे लागते. तो शब्द म्हणजे ‘ऐच्छिक’. भारतात नागरिकाने आपला खासगीपणा एखाद्या हुकूमशहाच्या धाकाने सोडलेला नाही. तो त्याने स्वेच्छेने सोडला, असे कागदोपत्री नमूद आहे.

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला. ज्याच्यापाशी जन्माचा दाखला नाही, रेशनकार्ड नाही, भाडेपावती नाही, अशा दरिद्री माणसाला ‘मी अमुक’ असे सांगता यावे, हा त्यामागचा घोषित हेतू होता. तो खोटा होता असे म्हणण्याचे कारण नाही. कागदाअभावी सरकारी कचेरीच्या पायरीवरून परत फिरणाऱ्या माणसाची मानखंडना महाराष्ट्रातल्या कोणत्याही तहसील कार्यालयात पाहावयास मिळत असे. प्रश्न हेतूचा नव्हता, अधिकाराचा होता. त्या दिवशी टेंभलीत जो क्रमांक दिला गेला, त्याला संसदेने केलेल्या कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता. 2009 च्या जानेवारीत नियोजन आयोगाच्या एका अधिसूचनेने प्राधिकरण स्थापन झाले होते, एवढेच. पुढे डिसेंबर 2010 मध्ये राज्यसभेत विधेयक आले. यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील अर्थविषयक स्थायी समितीने वर्षभराने ते आहे त्या स्वरूपात स्वीकारण्यास नकार दिला. तरीही बोटांचे ठसे आणि बुबुळांच्या प्रतिमा घेण्याचे काम एक दिवसही थांबले नाही. कायदा झाला तो 2016 मध्ये. आणि तोही धनविधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेच्या सूचना नाकारण्याची मुभा ठेवून. तोपर्यंत कोट्यवधी लोकांची नोंदणी उरकली होती. सत्तेवर प्रथम काँग्रेस होती, मग भारतीय जनता पक्ष आला. विरोधात असताना या योजनेवर टीका करणाऱ्यांनी सत्तेवर आल्यावर ती अधिक जोमाने पुढे नेली. सरकार बदलते, कचेरी बदलत नाही, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागेल.

कायद्याविना एवढे सारे कसे चालले? कारण नोंदणी ऐच्छिक होती. ज्याला नको त्याने घेऊ नये.

स्वेच्छा आणि सक्ती यांतील भेद हा भारतीयांना नवा नाही. सत्याग्रहाचा जन्मच मुळी ओळखपत्राच्या प्रश्नावर झाला, याची आठवण फारशी कोणी ठेवीत नाही. ट्रान्सवाल सरकारने 1906 मध्ये आठ वर्षांवरील प्रत्येक आशियाई माणसाने आपले नाव नोंदवावे, बोटांचे ठसे द्यावेत आणि मागितल्याबरोबर परवाना दाखवावा, असा वटहुकूम आणला. त्याला विरोध करण्यासाठी 11 सप्टेंबर 1906 रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात जी सभा भरली, तेथे घेतलेल्या शपथेतून ती चळवळ सुरू झाली. जानेवारी 1908 मध्ये गांधीजींनी जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड केली. भारतीयांनी स्वेच्छेने नोंदणी करावी आणि मग सरकारने सक्तीचा कायदा मागे घ्यावा, अशी त्या तडजोडीची गांधीजींना समजलेली अट होती. जे ठसे कायद्याच्या धाकाने देणे गुलामीचे, तेच आपखुषीने देण्यात कमीपणा नाही, अशी त्यांची भूमिका होती आणि त्या भूमिकेपायी त्यांनी आपल्याच एका पठाण अनुयायाचा मारही खाल्ला. नोंदणी झाली, कायदा मात्र रद्द झाला नाही. तेव्हा 16 ऑगस्ट 1908 रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक परवाने एका मोठ्या कढईत घालून जाळण्यात आले. स्वेच्छेने दिलेली वस्तू परत घेता आली पाहिजे, नाहीतर ती स्वेच्छा नव्हेच, हा त्या होळीचा अर्थ होता. कागद जाळता येत होता. संगणकात साठविलेला बोटाचा ठसा जाळता येत नाही, हा एकशे दहा वर्षांतला फरक!

आधारच्या बाबतीत स्वेच्छेचे काय झाले, याची हकीकत न्यायालयाच्या कागदपत्रांतच आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी वयाच्या शहाऐंशीच्या सुमारास, 2012 मध्ये, सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. आधार नाही म्हणून कोणाचेही नुकसान होता कामा नये, असा अंतरिम आदेश न्यायालयाने 23 सप्टेंबर 2013 रोजी दिला. ऑगस्ट आणि ऑक्टोबर 2015 मध्ये त्याच अर्थाचे आदेश पुन्हा द्यावे लागले. एकच आदेश न्यायालयाला पुनःपुन्हा द्यावा लागतो, याचा अर्थ तो पाळला जात नव्हता. मोबाइलच्या बाबतीत तर कमाल झाली. दूरसंचार खात्याने मार्च 2017 मध्ये परिपत्रक काढून प्रत्येक जोडणी आधारशी पडताळण्याचे फर्मान सोडले आणि त्यास सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचा हवाला दिला. देशभरातील माणसे कंपन्यांच्या दुकानांपुढे रांगा लावून उभी राहिली. एप्रिल 2018 मध्ये सुनावणी चालू असताना न्यायमूर्तींनीच स्पष्ट केले की, असा आदेश न्यायालयाने दिलेलाच नव्हता. त्या परिपत्रकाबद्दल कोणा अधिकाऱ्याला जाब विचारला गेल्याचे ऐकिवात नाही.

26 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा मताने आधार कायदा वैध ठरविला. सरकारी अनुदाने व लाभ यांसाठी, तसेच प्राप्तिकराच्या पॅन क्रमांकासाठी आधारची अट राहिली. बँक खाते आणि मोबाइल यांची सक्ती गेली. खासगी कंपन्यांना केवळ कराराच्या बळावर आधार मागता येणार नाही, असेही ठरले. एका वर्षाच्या आतच, 2019 मध्ये, कायद्यात दुरुस्ती करून बँका व दूरध्वनी कंपन्यांना पुन्हा वाट मोकळी करून देण्यात आली. अर्थातच ‘ऐच्छिक’ या शब्दासह! जानेवारी 2025 मधील नियमांनी खासगी संस्थांचे क्षेत्र आणखी रुंदावले. न्यायालयाने पुढच्या दाराला लावलेली कडी कायदेमंडळाने मागच्या दारातून काढली, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

त्या निकालातील एक भाग शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. सहा ते चौदा वयोगटातील मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क असल्यामुळे शाळाप्रवेशासाठी आधार मागता येणार नाही, आणि मुलाची नोंदणी करावयाची तर पालकांची संमती हवी, असे न्यायालयाने निःसंदिग्धपणे म्हटले. महाराष्ट्रात व्यवहार काय झाला? शाळेची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मंजूर व्हावयाची, हे आधारने प्रमाणित झालेल्या पटावरून ठरविण्याचे धोरण 2022-23 पासून राबविण्यात आले. यात मुलावर सक्ती कोठेच नाही. पालकांवरही नाही. पण आठवीच्या वर्गातल्या चार मुलांच्या नावातले एखादे अक्षर किंवा जन्मतारीख जुळली नाही, तर एका शिक्षकाचे पद अतिरिक्त ठरू शकते. मग तोच शिक्षक शाळा सुटल्यावर पालकाच्या दारी जाऊन उभा राहतो. सक्ती करावयाची ती वरच्याने. तिचे ओझे वाहावयाचे ते खालच्याने. आणि कागदावर सही घ्यावयाची संमतीची. 2023 पासून आलेल्या ‘अपार’ या विद्यार्थी-क्रमांकाचे स्वरूपही असेच आहे. संमतीपत्र पालकाने भरून द्यावयाचे आहे आणि किती टक्के काम झाले याचा अहवाल मुख्याध्यापकाने वर पाठवावयाचा आहे. शंभर टक्क्यांचे उद्दिष्ट ठरलेली संमती ही संमती या नावाला पात्र आहे काय?

खोट्या पटाचा प्रश्न खरा होता, हे कबूल केलेच पाहिजे. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर झालेल्या पटपडताळणीत अनेक शाळांच्या हजेरीपटावर असलेली मुले वर्गात नव्हती, हे उघडकीस आले. त्या खोट्या मुलांच्या नावावर तुकड्या, पदे आणि खिचडीचे तांदूळ लाटले जात होते. परंतु ती चोरी पकडली गेली ती कशाने? ठरावीक दिवशी एकाच वेळी माणसे पाठवून, मुले मोजून आणि त्यांच्या बोटांना शाई लावून. ती शाई काही दिवसांत पुसली गेली. चोर होते ते संस्थाचालक आणि त्यांना सांभाळून घेणारे अधिकारी. आयुष्यभराचा क्रमांक मात्र चिकटला तो मुलांना.

आधारच्या समर्थकांची बाजू एवढ्यावरच संपत नाही आणि ती हलकी लेखूनही चालणार नाही. मराठवाड्यातून ऊसतोडणीसाठी सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात गेलेल्या मजुराला त्या ठिकाणीही आपल्या वाट्याचे धान्य मिळू शकते, ते या क्रमांकामुळे. शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन, गॅसचे अनुदान मधल्या हातांना न लागता खात्यात जमा होते, हा लाभ ज्याने पूर्वीची दलाली भोगली आहे तोच जाणतो. परंतु याच यंत्राची दुसरी बाजू अशी की, ऊस तोडून, विटा वाहून, भांडी घासून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांनाच यंत्र ओळखत नाही. सप्टेंबर 2017 मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी मरण पावली. आधारशी जोडणी नसल्याने घरचे रेशनकार्ड रद्द झाले होते आणि मुलगी उपासमारीने गेली, असे घरच्यांनी सांगितले. मृत्यू मलेरियाने झाला, असे शासनाने म्हटले. कार्ड रद्द झाले होते, याविषयी मात्र वाद नव्हता. महाराष्ट्रात 2025 च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेसाठी पडताळणी सुरू झाली, तेव्हा लाभार्थी स्त्रीबरोबर तिच्या पतीचे किंवा पित्याचे आधारही मागण्यात आले. विधवेने, परित्यक्तेने, नवऱ्याशी बोलणे नसलेल्या बाईने तो क्रमांक आणावा कोठून? मुदती वाढवाव्या लागल्या, सवलती जाहीर कराव्या लागल्या. बाईच्या स्वतःच्या ओळखीसाठी जन्मलेली व्यवस्था अखेर तिला पुरुषाच्या नावाकडे परत घेऊन गेली.

यापुढचा प्रश्न पाळतीचा. क्रमांक ही पाळत नव्हे, असे सांगण्यात येते आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरे आहे. पण पूर्वी पाळत ठेवावयाची तर माणसामागे माणूस लावावा लागे. त्याला पगार द्यावा लागे, आणि तो पगार हेच नागरिकाच्या स्वातंत्र्याचे एक मोठे संरक्षण होते. उत्तर प्रदेशातील खरक सिंग यांचा खटला या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. 1941 मधील दरोड्याच्या आरोपातून ते पुराव्याअभावी सुटले; तरीही पोलिसांनी त्यांच्या नावाची ‘हिस्ट्रीशीट’ उघडली. रात्री-अपरात्री दार ठोठावणे, गावी जाताना चौकीदाराला कळविण्यास लावणे, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. 1962 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या भेटी बेकायदा ठरविल्या, मात्र खासगीपणा हा हक्क घटनेत नाही असे बहुमताने सांगितले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदविले. हेच जुने वाक्य हाती घेऊन 2015 मध्ये महान्यायवादी मुकुल रोहतगी यांनी आधारच्या खटल्यात, भारतीयांना असा हक्कच नाही, असा युक्तिवाद केला आणि त्यातूनच 2017 चे नऊ न्यायमूर्तींचे पीठ बसले. सरकारने आपला खटला बळकट करण्यासाठी उकरून काढलेला मुद्दा त्याच्यावर असा उलटला.

हिस्ट्रीशीट ही केवळ एका खरक सिंग यांची नव्हे. महाराष्ट्रात पारधी, कैकाडी, उचल्या या जमातींना सबंध जमातीच्या जमाती नोंदवहीत घालण्याचा अनुभव आहे. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 मध्ये अधिक व्यापक झाला. नाव नोंदणे, बोटांचे ठसे देणे आणि ठरल्या वेळी हजेरी देणे हे जन्मामुळेच नशिबी आले. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील सेटलमेंटच्या खुणा आजही पुसलेल्या नाहीत. कायदा 1952 मध्ये रद्द झाला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा कोणत्या पालाकडे वळतात, हे सांगावयास नको. ‘ज्याच्या मनात पाप नाही त्याने कशाला भ्यावे’ असे पांढरपेशा वर्गात सहज म्हटले जाते. नोंदवहीची भीती मनातल्या पापावर अवलंबून नसते, हे विमुक्तांइतके कोणाला ठाऊक असणार? 2022 च्या नव्या कायद्याने पोलिसांना अटक झालेल्या माणसाचे ठसे, बुबुळांची प्रतिमा आणि काही मर्यादांत जैविक नमुनेही घेण्याचा अधिकार मिळाला. या नोंदी 75 वर्षे जपावयाच्या आहेत.

दूरध्वनी चोरून ऐकण्याच्या प्रकरणी 1988 मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना राजीनामा द्यावा लागला होता. त्याआधी दोन वर्षे टपाल फोडण्याचे व्यापक अधिकार सरकारला देणारे विधेयक संसदेने संमत केले असता राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. ज्या राष्ट्रपतींची त्या वेळी टिंगल होत असे, त्यांनी केलेले हे काम मोठे होते. तसेच व्यापक अधिकार 2023 च्या टपाल कायद्याने मिळाले आणि त्याची चर्चाही फारशी झाली नाही. दूरध्वनीबाबत 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही बंधने घातली : आदेश गृहसचिवाने द्यावा, तो दोन महिन्यांपुरता असावा, समितीने त्याचा फेरविचार करावा. गृहसचिव हा अधिकारी, समितीवरचेही अधिकारीच. ज्याच्यावर पाळत आहे त्याला कधी कळावयाचे नाही आणि या साऱ्या साखळीत न्यायाधीश कोठेच नाही. 2024 च्या डिसेंबरातील नव्या नियमांनीही ही रचना कायम ठेवली. पेगॅसस प्रकरणी नेमलेल्या समितीला 2022 मध्ये 29 पैकी पाच फोनांत घातक प्रणाली आढळली, ती पेगॅससच असे निश्चित म्हणता आले नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही, असे सरन्यायाधीश रमणा यांनी भर न्यायालयात सांगितले. पुढे काय झाले, हे विचारणारेही थोडेच उरले.

परदेशांत या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी मिळाली आहेत. ब्रिटनने युद्धकाळात सुरू केलेली ओळखपत्रे युद्ध संपल्यावरही चालू ठेवली. 1950 मध्ये क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या मोटारचालकाने पोलिसाला पत्र दाखविण्याचे नाकारले, त्याला दोषी ठरविताना सरन्यायाधीश गॉडर्ड यांनी पोलिसांच्याच सवयीवर कोरडे ओढले आणि 1952 मध्ये ती पत्रे रद्द झाली. हंगेरीच्या घटना न्यायालयाने 1991 मध्ये सर्व कामांसाठी एकच क्रमांक वापरणे घटनाबाह्य ठरविले. कम्युनिस्ट राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या त्या देशाला एकत्र केलेल्या नोंदींचे मोल कळले होते. एप्रिल 2019 मध्ये जमैकाच्या सर्वोच्च न्यायालयाने तेथील राष्ट्रीय ओळख कायदा रद्द केला, तेव्हा त्याने आधार निकालातील बहुमताऐवजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या एकट्याच्या विरोधी मताचा आधार घेतला. आधार कायदा धनविधेयक म्हणून संमत करणे ही घटनेची फसवणूक आहे, असे त्या निकालपत्रात म्हटले आहे. याच न्यायमूर्तींनी 2017 च्या निकालात आणीबाणीतील जबलपूर खटल्याचा निर्णय मोडीत काढला होता. त्या निर्णयाच्या बहुमतात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. पुण्याच्या या घराण्यातील विचार किंग्स्टनला पोचला. दिल्लीत मात्र जानेवारी 2021 मध्ये फेरविचाराच्या याचिका पुन्हा चार विरुद्ध एक मतानेच फेटाळल्या गेल्या.

2023 च्या कायद्यातील आणखी एक कलम फारसे वाचले जात नाही. चव्वेचाळिसाव्या कलमाने माहिती अधिकार कायद्याचे 8 (1) (ञ) हे कलम बदलले आणि इतर मुख्य तरतुदींसाठी मुदत असताना हा बदल नोव्हेंबर 2025 मध्ये तात्काळ अंमलात आला. पूर्वी एखाद्याची खासगी माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे अधिकाऱ्याला पाहावे लागे. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असेही त्यात लिहिलेले होते. आता माहिती वैयक्तिक आहे एवढे कारण पुरे आहे. व्यापक लोकहिताचे दुसरे कलम शाबूत आहे, असे सरकार सांगते. ते खरे आहे. पण ते लोकहित सिद्ध करण्याचा भार आता अर्जदारावर येऊन पडतो. ज्या महाराष्ट्राने केंद्राच्या आधी 2002 मध्ये माहिती अधिकाराचा कायदा केला आणि ज्याच्या अंमलबजावणीसाठी अण्णा हजारे यांना पुढच्याच वर्षी उपोषणास बसावे लागले, तेथे रोजगार हमीच्या हजेरीपटावर कोणाकोणाची नावे घालून मजुरी उचलली गेली, असे एखाद्या गावकऱ्याने विचारले, तर त्या नावांच्या खासगीपणाचे कारण सांगून त्याचा अर्ज फेटाळता येईल. अर्ज करणाऱ्या गावकऱ्याचा बारा आकडी क्रमांक, बोटांचे ठसे, बँक खाते आणि मुलांचा शाळेतला पट मात्र त्याच कचेरीतील पडद्यावर उघडा असेल.